हवालदाराचा फाटका शर्ट

जन्मात कधी कुठली सोडत न लागलेल्या बाईला लागून लागून लागलं काय, तर पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीतली खुर्ची! समितीत तीन नागरिक. त्यातला एक दर दोन वर्षांनी मतदारयादीतून चिठ्ठी काढून घ्यायचा, असा नियम. ह्या खेपेला चिठ्ठी निघाली ती टेलर मास्तरांच्या बायकोची. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. शाळा नववीत सुटलेली, पण मास्तर कात्रीचे, म्हणून ही मास्तरीणही कात्रीचीच.

नणंदेनं फोनवर चिडवून घेतलं. "वहिनी, आता पोलिसांना बाकावर उभं करणार म्हणे!"

मास्तरांना मात्र हसू येईना. येणार कसं? चौकीचे गणवेश त्यांच्याच दुकानात शिवले जायचे. नवे गणवेश, जुन्यांची डागडुजी, निसटलेली बटणं, सगळा गठ्ठा ह्यांच्याकडे. बाकी गिऱ्हाईक काय, आज आलं उद्या नाही, दुकान चालायचं ते खाकीवर. "जा, बस, चहा पी, मान हलव आणि घरी ये," मास्तर म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं."

तिनं लपवलं काहीच नव्हतं हो. फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं की आमच्या दुकानात पोलिसांचे कपडे शिवले जातात. समितीच्या सचिवानं दोन्ही बाजूंना विचारलं, कुणाचीच हरकत आली नाही. पोलिसांची कशाला येईल? उलट त्यांना वाटलं असेल, चला, आपलीच बाई आहे.

तर त्या दिवशी प्रकरण होतं झेरॉक्सवाल्याचं. माणूस चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक कागद ठेवून गेलं होतं. पाच तारखेला हवालदार आले आणि म्हणाले, दाखव ते कागद. हा म्हणाला, ज्याचे आहेत त्याला विचारून दाखवतो. झालं! त्याला चौकीत नेलं आणि बाहेर आला तो मोडलेलं मनगट घेऊन. त्यानं समितीकडे तक्रार केली, पण पोलिसांनी आधीच त्याच्यावर गुन्हा टाकून ठेवला होता. म्हणे ह्यानंच हवालदारांची गचांडी धरली, वर्दी फाडली, आवरताना हात मोडला. वर्दीवर हात टाकल्याचा गुन्हा म्हणजे गंमत नव्हे. सिद्ध झाला तर माणूस दोन वर्षं तरी आत जातो, दुकान बुडतं ते वेगळंच.

टेबलाच्या एका बाजूला समिती. मध्ये अध्यक्षबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की खिडकीबाहेरची माणसंही गप्प व्हावीत. त्यांच्या उजवीकडे बँकवाले काका, ज्यांचा सही आणि शिक्क्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. डावीकडे मास्तरीणबाई, खुर्चीच्या कडेवर. समोर पोलिसांची बाजू मांडायला आलेले मोठे साहेब, आणि शेजारी ते हवालदार, नव्या शर्टात.

"तोंडी काय, कुणी काहीही बोलेल," साहेब म्हणाले. "आम्ही वस्तूच आणलीय." आणि त्यांनी पाच तारखेचा शिक्का मारलेलं तपकिरी कागदाचं पुडकं सोडून शर्ट टेबलावर पसरला. डाव्या खांद्यापासून बाही लोंबत होती.

बँकवाल्या काकांनी चष्मा पुसून शर्ट पाहिला आणि सुस्कारा सोडला. अध्यक्षबाईंनी पाहिला, त्यांचंही तोंड उतरलं. सकाळपासून त्या झेरॉक्सवाल्याच्या बाजूला झुकल्या होत्या, पण शर्ट तर डोळ्यांसमोर फाटलेला होता. त्यांनी तो डावीकडे सरकवला.

आता शिंप्याच्या हातात फाटकं कापड दिलं की शिंपी काय करतो? डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांनी बघतो. मास्तरीणबाईंची बोटं खांद्याच्या कडेवरून फिरली, आत वळली, तिथं चार बोटं लांबीचा सुटा दोरा लागला. सुटा दोरा दिसला की तो उपटायचा, ही तिची पंचवीस वर्षांची सवय. नखात धरून तिनं तो सर्रकन ओढला आणि सवयीनंच तर्जनीला गुंडाळून टाकला. मन अजून त्या बिचाऱ्याच्या मनगटाशीच होतं.

मग तिचं लक्ष बोटाकडे गेलं. दोरा पोपटी होता.

खाकीवर कच्चा टाका पोपटी दोऱ्यानं घालणारं माणूस ह्या शहरात एकच, आणि ते ह्या खुर्चीत बसलेलं! कच्चा टाका म्हणजे नुसता धरून ठेवायचा हातटाका. मशीनची टीप पडली की काढून टाकायचा. काढताना नीट दिसावा म्हणून ती खाकीला मुद्दाम पोपटी वापरायची. आणि दुसऱ्याच क्षणी तिला शर्टही आठवला. गेल्या महिन्याच्या अखेरीला चौकीतून दुरुस्तीचा गठ्ठा आला होता, त्यात हा होता. कुणाचा ते तिला ठाऊक नव्हतं. बाही तेव्हाच खांद्यापासून सुटलेली होती. तिनं चार बोटं टाका घालून बघितला, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "सोड गं तो, कापड विरलंय, टीप धरणार नाही. परत पाठव." तिनं तसाच घडी घालून परत पाठवला.

म्हणजे पाच तारखेच्या चार-पाच दिवस तरी आधीपासून हा शर्ट फाटका होता! तो कुणी फाडलाच नव्हता.

आणि त्याची खूण, सगळ्या जगात उरलेली एकुलती एक खूण, तिनं आत्ता स्वतःच्या हातानं उपटून काढली होती. अरे देवा! आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"अर्ध्या तासाची सुट्टी," अध्यक्षबाई म्हणाल्या.

ती उठली. बोट मुठीत, मूठ घट्ट. बाहेर व्हरांड्यात बाकावर झेरॉक्सवाला बसला होता, शेजारी त्याची बायको. प्लॅस्टर आत जावं म्हणून कुणीतरी त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत कापली होती, तीही वेडीवाकडी, भाजीच्या सुरीनं कापल्यासारखी. मास्तरीणबाईंच्या मनात आलं, शिवणीवरून उसवली असती तर पुन्हा सहज जोडता आली असती.

त्याची बायको उभी राहिली. "ताई, होईल ना हो नीट?"

सदस्यांनी तक्रारदाराशी बोलायचं नाही, असा नियम. बरं झालं नियम होता. ती मान खाली घालून पुढे गेली आणि जिन्याखाली उभं राहून मास्तरांना फोन लावला.

तिनं सगळं सांगितलं. मागं मशीन थांबल्याचं तिला ऐकू आलं.

"कुणी पाहिलं?"

"नाही वाटतं."

"मग तो दोरा गटारात टाक आणि मूग गिळून बस."

"अहो, त्या माणसाला आत टाकतील."

"आणि आपल्याला? अगं, तीस गणवेश पडलेत इथं अर्धे शिवलेले! तू पुरावा उपटलायस, कळतंय का तुला? आधी तुलाच धरतील. शहाण्या माणसानं ह्या भानगडीची पायरी चढू नये, तू तर वर जाऊन खुर्चीत बसलीस!" मग आवाज खाली आला. "ऐक माझं. तू कुणाचं वाईट केलेलं नाहीस. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

फोन बंद झाला. ती तिथंच उभी. बोलावं, तर नियमाप्रमाणे खुर्ची सोडावी लागणार, कारण ज्याला प्रकरणातलं काही माहीत आहे तो साक्षीदार होतो, त्याला मत नाही. मग उरणार दोघं, आणि त्यात बँकवाले काका. शिवाय तिचं नाव, पत्ता, जबाब, सगळं कागदावर चढून चौकीत जाणार. न बोलावं, तर ते बाकावरचं बिऱ्हाड. इकडे आड, तिकडे विहीर. आणि तिसरी वाट असती तरी ती दाखवायला तिथं कोण होतं?

दोरा गटारात टाकायला ती खरंच मोरीपर्यंत गेली. खोटं कशाला सांगू? बोटावरचा वेढा सोडवायला लागली, तर बोट सुजून निळं पडलेलं. इतकी घट्ट मूठ तिनं धरली होती. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. लबाडी त्या हवालदाराची, आणि मोरीत उभी कोण, तर मी!

आत सगळे बसले होते. काका बोलत होते. "माझं मत स्पष्ट आहे. शर्ट फाटलाय, तारीख आहे, शिक्का आहे. आणखी काय पाहिजे?"

"दुर्दैवानं मलाही..." अध्यक्षबाईंनी सुरुवात केली.

"बाई, मला उठावं लागेल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ह्या खुर्चीत मला बसता येणार नाही. मला ह्या शर्टाचं माहीत आहे."

आणि तिनं दोरा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दोरा आपणच उपटला तेही सांगितलं. सचिवानं तिची खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. केवढं ते अंतर, चार पावलं! पण तिथून अध्यक्षबाई एकदम लांब दिसायला लागल्या.

साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले. "म्हणजे बाईंनी पुराव्याशी छेडछाड केली. सर्वांसमक्ष. आणि आता घरून आणलेला दोरा दाखवतायत."

"घरून नाही हो, त्यातलाच..."

"कशावरून?"

कशावरून! कच्च्या टाक्याची भोकं कापडात राहत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी पाहिलं होतं," बँकवाले काका हळूच म्हणाले. "ह्या बाई बोटांनी काहीतरी ओढत होत्या. पण दोरा कुठल्या रंगाचा ते नाही सांगू शकत. मी सही करीन ती एवढ्यावरच."

"ह्यांच्याविरुद्ध वेगळी तक्रार नोंदवावी लागेल," साहेब म्हणाले. हवालदार छताकडे बघत होते.

"आधी हिच्या यजमानांना बोलवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शर्ट परत पाठवा असं ते म्हणाले ना? मग त्यांना आठवत असेल."

मास्तर येणार आणि काय सांगणार ते मास्तरीणबाईंना तोंडपाठ होतं.

वीस मिनिटांत मास्तर आले. गळ्यातली मापाची टेप काढायचंही भान नव्हतं. बायकोकडे त्यांनी बघितलं नाही. साहेबांना नमस्कार केला, हवालदारांना केला, मग समितीला केला, आणि ह्या क्रमावरूनच तिनं ओळखलं.

"हा शर्ट तुमच्या दुकानात आला होता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मास्तरांनी शर्ट हातात घेतला. शिंप्याची बोटं! तीही खांद्यावरून फिरली, आत वळली, थबकली. मास्तरांनी शर्ट खाली ठेवला. "बाई, रोज ढिगानं कपडे येतात. मला नाही आठवत."

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. त्यांचा राग नाही आला तिला. राग आला असता तर बरं झालं असतं. घाबरलेलं माणूस कसं दिसतं, ते तिला आता आरशाशिवायही ठाऊक होतं. पण बाकावरच्या त्या बाईला आता काय तोंड दाखवायचं, ह्या विचारानं डोळे भरून आले.

इथं साहेब गप्प बसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण हुशार माणसाला जिंकून भागत नाही, आणखी वर एक टोला मारायचा असतो. साहेब म्हणाले, "आणि समजा, आला असेल हो ह्यांच्याकडे. समजा ह्यांनीच शिवून दिला. मग झटापटीत एका हिसक्यात बाही निघाली म्हणजे काय? शिलाईच बोगस! आमच्या माणसांच्या नेहमीच तक्रारी असतात."

मास्तरांनी मान वर केली.

"काय म्हणालात?"

"शिलाई, मास्तर. कच्ची निघाली तुमची."

"माझी?" मास्तर म्हणाले. "माझी शिलाई?" त्यांनी शर्ट उचलला आणि साहेबांच्या नाकासमोर धरला. "ही बघा. डोळे उघडून बघा. ह्या खांद्यावर टिपेचं एक तरी नवं भोक आहे का? मी शिवलाच नाही तर माझी शिलाई निघेल कुठून? कापड बघा, उजेडात धरा, चाळण झालीय चाळण! असल्या कापडावर मी टीप मारीन? मी हिला म्हटलं, कापड विरलंय, ह्याला हात लावू नकोस, लोक नाव आपल्याला ठेवतील. फाटका आला होता, फाटकाच परत पाठवला! पंचवीस वर्षांत माझी एक बाही निघालेली दाखवा, ह्या कात्रीची शपथ, दुकान बंद करतो!"

पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग आपण काय बोलून बसलो ते मास्तरांच्या लक्षात आलं. शर्ट हातात तसाच, आणि ते हळूहळू, पहिल्यांदाच, बायकोकडे वळले.

"कधी परत पाठवलात?" अध्यक्षबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

आता परत फिरायला जागा नव्हती. "महिनाअखेर," मास्तर म्हणाले. "तीस तारीख. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं होतं, दात काढायला गेलो होतो."

बँकवाल्या काकांनी शर्ट मागून घेतला, खिडकीशी नेला, उजेडात धरला. बराच वेळ धरला. "चाळण आहे खरी," ते म्हणाले. "आणि टिपेचं नवं भोक नाही. ह्याच्यावर मी सही करतो."

समितीनं लिहून दिलं, शर्ट आधीपासून फाटका होता, गुन्हा मागे घेण्याची शिफारस, हवालदारांची चौकशी. शिफारसच ती, हुकूम नव्हे. पण दोघांच्या सह्यांची एकमतानं झालेली शिफारस बाजूला सारणं सोपं नसतं, असं सचिव म्हणाला. व्हरांड्यात झेरॉक्सवाल्याची बायको पुढे आली, तेव्हा आता साक्षीदार झालेल्या मास्तरीणबाईंना बोलायची मुभा होती. पण बोलली ती एवढंच, "शर्ट आणून द्या ह्यांचा. बाही नीट करून देते."

रस्त्यानं दोघं चालत निघाली.

"तू मला गोवलंस," मास्तर म्हणाले.

"मी? मी तर तुमचं 'आठवत नाही' ऐकून गप्प बसले होते. तुमच्या जिभेला कुणी आवरायचं?"

"त्यानं शिलाईला नाव ठेवलं गं."

"हो ना," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मास्तरही हसायला लागले, हसता हसता थांबले, कारण दुकानासमोर चौकीची गाडी उभी होती.

दोन शिपाई उतरले. एक वयस्कर, एक तरुण. "मास्तर, गणवेश द्या. सगळे. जसे आहेत तसे."

"अर्धे कच्चे आहेत."

"साहेबांचा हुकूम आहे. जसे आहेत तसे."

मास्तरीणबाई गठ्ठा बांधायला लागल्या. गाठ बसेना. दुपारी एकटीची भीती होती, ती आता दोघांची झाली होती, आणि दोघांची भीती जास्त जड असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वरच्याच शर्टाला एक बाही होती, दुसरी नव्हती. मास्तरांनी तो शर्ट गठ्ठ्यातून ओढून काढला.

"एका बाहीचा शर्ट माझ्या दुकानातून जाणार नाही."

"मास्तर, हुकूम..."

"हुकूम तुम्हाला आहे. बसा त्या बाकावर."

आणि ते मशीनवर बसले. शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं, मग बसले. मास्तर पाय मारत होते, त्यांच्या कानामागून घाम गळत होता, पण टीप सरळ चालली होती. ती शेजारी बसून बटणं लावू लागली. सुई दोनदा बोटात गेली. बाह्या, कॉलर, खिसे, निदान ज्यांचं थोडंच उरलं होतं ते शर्ट तरी पुरे झाले. तासाभरानं गठ्ठा बांधून झाला.

तरुण शिपायानं तो गाडीत टाकला. वयस्कर दारात घुटमळला. "मास्तर," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आता शटर जरा लवकर ओढत जा."

धमकी होती की काळजी, ते त्याच्या पाठीवरून दोघांनाही कळलं नाही. गाडी गेली. फळ्या रिकाम्या दिसत होत्या. मास्तरीणबाई उठल्या, शटर ओढायची आकडी घेतली आणि ते अर्ध्यावर आणलं.

"काय करतेस?"

"ते म्हणाले ना..."

मास्तर मशीनवरच बसून होते. समोर शिवायला काही नव्हतं. तरी त्यांनी दिवा लावला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"वर कर ते," म्हणाले. "अजून सहासुद्धा वाजले नाहीत."